गोष्ट ड्राफ्टमधे, भाची चौथीत

बुधवार, रात्र

दुपारी लंचच्या वेळेस मेल आली, पुण्याच्या एका मुलांच्या मासिकाकडून. साभार परत. पहिलं वाक्य 'साहित्य पाठवल्याबद्दल आभार' असं असलं की पुढे काय आहे ते कळतंच, तरी मी डबा उघडा ठेवून पूर्ण वाचली, मग परत वाचली, मग घरी येताना सिटी बसमधे अजून एकदा. कारण यावेळी संपादकांनी खाली स्वतःहून तीन ओळी लिहिल्यात. गोष्ट फार उशिरा सुरू होते. गोष्टीतली मुलगी सगळं बघते पण करत काहीच नाही. आणि 'झांकी' हा शब्द आमच्या वाचकांना कळणार नाही, 'चित्ररथ' करता येईल का.

इतकी वर्षं पाठवतेय, बहुतेक ठिकाणहून पोचसुद्धा येत नाही, तीन महिन्यांत उत्तर नाही आलं की नापसंत समजायचं असा रिवाज आहे. त्यामुळे कोणीतरी बसून आपली गोष्ट खरंच वाचली आणि कुठे अडलं ते सांगितलं, याचं मला फार वाटलं. वाईटही वाटलं, खोटं कशाला लिहू. जेवणात लक्ष नव्हतं, आईने विचारलं काय झालं, मी बोलले ऑफिसचं काम.

गोष्ट अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची आहे. इंदूरबाहेरच्यांना कसं सांगावं, मिलमजुरांची ही परंपरा, प्रत्येक मिलच्या गणेशोत्सवाच्या झांक्या रात्रभर ओळीने निघतात, ट्रॉलीवर हलती चित्रं, लाइटिंग, पुढे आखाडे, जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत लोक पोरांना खांद्यावर घेऊन सकाळपर्यंत उभे. मिला बंद पडल्या, हुकुमचंद मिलचे भोंगे १९९१ मधे थांबले, पण झांक्या निघतातच. बाबा मिलमधे इलेक्ट्रिकच्या खात्यात होते. झांकीच्या मोटारी बसवायचं काम त्यांच्याकडे असायचं आणि गणपतीच्या आधीचे कितीतरी दिवस ते घरी फक्त झोपायला यायचे, हे मला लहानपणचं पक्कं आठवतंय.

भाची दुसरीत असताना बाबा तिला घेऊन गेले होते, पोलीस बॅरिकेडपाशी जाऊन त्यांनी तिला खांद्यावर बसवलं (सत्तरी ओलांडलेला माणूस, मी नको नको करत होते) आणि ती तिथून बघत राहिली. त्या रात्रीनंतर आठवड्यात मी गोष्ट लिहिली. तिला वाचून नाही दाखवली. मला वाटायचं ती छापूनच यावी, रंगीत चित्रासकट, आणि मग तिच्या हातात अंक द्यावा, बघ, ही तूच आहेस.

आता ती चौथीत आहे.

हेच रात्रभर डोक्यात फिरतंय. मोठ्यांच्या मासिकात कथा दोन वर्षं पडून राहिली तर वाचणारा तोच असतो, चाळिशीचा होता तो बेचाळीसचा झाला. मुलांच्या मासिकाचं तसं नाही. दुसरीतल्या मुलीसाठी लिहिलेलं चौथीतली मुलगी वेगळं वाचते आणि सहावीतली बहुतेक हातच लावत नाही. गोष्ट लिहिली, वर्षभर तिच्यावर बसले, मग पाठवली, तीन महिने वाट, मग दुसरीकडे, परत तीन महिने, त्यात सणाची गोष्ट म्हणजे अंक कितीतरी आधी तयार होतो, गणपतीचं साहित्य उन्हाळ्यातच पाठवावं लागतं, दिवाळीचं बहुतेक ठिकाणी जुलै-ऑगस्टपर्यंत. मी पहिल्यांदा ही गोष्ट भाद्रपदातच पाठवली होती, गणपतीच्या दिवसात गणपतीची गोष्ट, तेव्हा मला वाटलं किती वेळेवर पाठवतोय आपण. तिकडे तेव्हा दिवाळीचा अंक छपाईला चालला असणार.

शनिवार

सुट्टी. पाऊस. सकाळी पोहे झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसले ते दुपारपर्यंत. 'किशोर'चे जुने अंक काढले. १४ नोव्हेंबर १९७१ चा पहिला अंक, तिथपासूनचे अंक बालभारतीने नेटवर मोफत ठेवलेत, हे ज्याला मुलांसाठी लिहायचंय त्याच्यासाठी केवढं मोठं आहे ते मी सांगू शकत नाही. मी आज गोष्टी नाही वाचल्या, फक्त पहिल्या ओळी वाचल्या, वीसेक गोष्टींच्या, आणि वहीत उतरवल्या. मग माझी पहिली ओळ त्यांच्या खाली लिहिली, 'इंदूर शहरात गणेशोत्सवाची फार जुनी आणि समृद्ध परंपरा आहे.' वरच्या ओळींमधे कोणीतरी हाका मारतंय, कोणाचं तरी काहीतरी हरवलंय, कोणी झाडावर चढलंय. संपादक बरोबर बोलतात. माझी मुलगी चौथ्या परिच्छेदात येते. तोपर्यंत मी मोठ्या माणसांना माहिती देत बसलेय.

एकोणीसशे शब्द आहेत माझे. पुण्याच्या मासिकाने अंकातच छापलंय, आठशे ते हजार. मी ते वाचलं होतं, तरी पाठवली, वाटलं गोष्ट चांगली असेल तर घेतील. पण पानं मोजून असतात, चित्रालाही जागा लागते, आठ वर्षांचं मूल एका बैठकीत किती वाचू शकतं त्याचाही विचार त्या आकड्यामागे असणार.

'झांकी'वर मात्र खूप वेळ गेला. चित्ररथ चूक नाही, अर्थ तोच आहे. पण आमच्या घरात, म्हणजे इंदूरच्या कुठल्याच मराठी घरात, कोणी 'चल चित्ररथ बघायला' असं बोलत नाही. बाबा गोष्टीत चित्ररथ बोलले की ते बाबा राहत नाहीत. मला 'चांदोबा' आठवला. १९५२ पासून मराठीत निघायचा, तयार व्हायचा मद्रासला, मूळचा तेलुगू-तमिळ मंडळींचा, आणि चित्रांमधे दक्षिणेतली गोपुरं, वेगळ्याच प्रकारची धोतरं, ती माणसं, ते दागिने. इंदूरमधे बसून मी ते सगळं बघितलं आणि कोणी समजावून सांगितलं नाही, चित्र आणि गोष्ट मिळून आपोआप कळत गेलं. मग पुण्या-साताऱ्याच्या मुलाला माझी झांकी का नाही कळणार? कळेल, पण मी तशी लिहिली पाहिजे, शब्द नुसता ठेवून पुढे पळून नाही चालणार. त्या शब्दाच्या मागोमाग ट्रॉली दिसली पाहिजे, हलणारा हात दिसला पाहिजे. संपादकांना अडलं ते शब्दामुळे नाही, माझ्या आळसामुळे, असं आता वाटतंय.

ऑफिसमधल्या मैत्रिणी नेहमी विचारतात, हिंदीत का नाही लिहीत, 'देवपुत्र' तर इंदूरमधूनच निघतं, 'चकमक' भोपाळहून, एकलव्य संस्थेचं, १९८५ पासून, आणि उत्तम असतं ते. 'चकमक' मी स्वतः भाचीसाठी आणते. ही गोष्ट एकदा हिंदीत करूनही बघितली. वाक्यं नीट झाली. पण खांद्यावर बसलेली नात आजोबांच्या कानात जे बोलते ते मराठीत बोलली होती, माझ्या समोर बोलली होती. ते मला दुसऱ्या भाषेत ऐकूच येत नाही.

रविवार, फार उशीर झालाय

ठरवलं होतं तसं केलं. संध्याकाळी भाऊ-वहिनी आले, वहिनी आईजवळ किचनमधे, मी भाचीला घेऊन गॅलरीत बसले आणि प्रिंटआऊट तिच्या हातात दिलं. अंक नाही, चित्र नाही, आत्याने ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेले पाच कागद. बोलले, मोठ्याने वाच, कंटाळा आला की थांब, मला राग नाही येणार.

तिची शाळा हिंदी-इंग्रजीची. मराठी बोलते घरात, वाचते ती हिंदीच्या जोरावर, ळ आला की जरा थबकते. पहिला पूर्ण कागद तिने एका सुरात वाचला, शाळेत धडा वाचतात तसा, आणि गुडघ्यावरचं डास चावलेलं खाजवत होती. मी पेन्सिलने कागदाच्या कडेला रेघ मारली, इथून इथपर्यंत जाणार. मग मुलगी खांद्यावर चढली तशी तिची मान वर आली. तिथे खूण केली. आणि मग ती एकदम थांबली.

"आत्या, आचार्य नुक्ती का बनवून राहिलेत?"

मला कळेचना. कागद बघितला. मी लिहिलं होतं, आचार्यांनी नुक्तीची कढई उतरवली. फोनवर टाईप केलं होतं, हिंदी कीबोर्डवर, तिथे तो आडवा र मला मिळाला नाही म्हणून आचाऱ्यांनीचं आचार्यांनी झालं आणि माझ्या डोळ्यांना ते दिसलंच नाही, दोन वर्षं, तीन ठिकाणी पाठवून. मिलच्या मांडवात प्रसादाची नुक्ती पाडणारे आचारी, आणि तिच्या डोळ्यासमोर शाळेच्या चित्रातले पांढऱ्या दाढीचे आचार्य कढईपुढे उभे. हिंदीत हा र्‍य नाहीच, त्यामुळे तिच्यासारख्या मुलांना मराठीत तो छापलेला दिसला तरच कळणार की वेगळा आहे. लगेच फोनमधे मराठी कीबोर्ड टाकून घेतला आणि पूर्ण फाईलमधे र्य शोधून काढले. दऱ्या, पायऱ्या, दुसऱ्या, सगळे एकेक करून. नुक्ती म्हणजे बुंदीच, पण नुक्तीला मात्र मी बुंदी नाही करणार.

शेवटपर्यंत वाचलं तिने. मग कागद उलटा करून बघितला की मागे अजून काही आहे का.

"मग तो बल्ब कोणी लावला?"

गोष्टीत एक ओळ आहे, कृष्णाच्या मुकुटातला एक बल्ब विझलेला नातीला वरून दिसतो. मी ती फक्त सुंदर वाटते म्हणून लिहिली होती आणि पुढे निघून गेले होते. ती तिथेच थांबली होती. एवढ्या गर्दीत तो फक्त तिलाच दिसला कारण सगळ्यात उंच तीच होती, मग तिने सांगायला नको का? कोणाला सांगितलं? त्यांनी ऐकलं का? संपादकांनी एका ओळीत सांगितलेलं होतं ते, मुलगी काही करत नाही. मी बुधवारपासून त्यावर विचार करतेय आणि हिने कागद उलटा करून सांगितलं.

तिला सांगितलं नाही की ही तूच आहेस. तिने विचारलं, "ही मुलगी कितवीत आहे?" बोलले दुसरीत. "छोटी आहे," इतकंच बोलली. तिला आता कोणी खांद्यावर घेणार नाही, तिलाही नको असेल.

जेवणं झाल्यावर बसले लिहायला. गोष्ट आता बल्बपासूनच सुरू होते. परंपरा गेली, शहराची माहिती गेली, आईची मोदकांची पूर्ण गोष्ट गेली, ते तोडताना त्रास झाला. मुलगी ओरडते, बॅंडमधे कोणाला ऐकू येत नाही, मग ती आजोबांचे दोन्ही कान धरून त्यांचं डोकं त्या बाजूला वळवते. नऊशे चाळीस शब्द झाले.

बाबा जागेच होते, बोलले वाच. त्यांनाही कधी वाचून दाखवली नव्हती. डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं झोपले. भाची त्यांच्या पायाशी, उद्या शाळा असून, वहिनी दोनदा हाका मारून गेली. मी वाचलं की आजोबांनी मोटार कृष्णाच्या हाताला जोडली आणि हात हळूहळू वर जाऊ लागला.

"असं नाही होणार," बाबा डोळे मिटूनच बोलले. "मोटार मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे मारते. डायरेक्ट जोडलीस तर कृष्णाचा हात उडून राजवाड्याच्या सातव्या मजल्यावर पडेल."

भाची इतकी हसली की लोळायलाच लागली. मग उठून बसली आणि विचारलं, मग तुम्ही काय करायचे? बाबांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण घेतलं, स्टीलची थाळी घेतली, आईच्या पेटीतली नाडी त्या दोघांभोवती गुंडाळली. छोटी पुली मोटारीवर, मोठी पुली पुढे, मधे पट्टा, छोटी कितीतरी वेळा फिरेल तेव्हा मोठी एकदा फिरेल. एवढ्याने नाही भागलं तर अजून एक जोडी, मग अजून एक. तिने स्वतः झाकण फिरवून बघितलं, थाळीवर खडूने खूण केली, फेरे मोजले. मी बाबांना मिलबद्दल इतकं बोलताना किती वर्षांनी बघितलं.

ती थाळी आणि नाडी आता गोष्टीत आलीय. झांकी शब्दाला वेगळा अर्थ सांगायची गरज नाही राहिली, पट्टा फिरतो, हात वर जातो, लोक हात जोडतात, दिसतंय सगळं. नऊशे शहाऐंशी शब्द. हजाराच्या आत आहे. त्याच संपादकांना आधी दोन ओळींची मेल करून विचारणार, बदल करून परत पाठवली तर बघाल का. या वर्षीचे गणपती तर गेलेच, घेतली तरी पुढच्या वर्षी, तेव्हा भाची पाचवीत असेल.

ती आज इथेच झोपलीय, आजोबांच्या खोलीत, थाळी उशाशी घेऊन. नाडी आईला सकाळी परत द्यायची आहे.