पांढऱ्या अस्वलाला थंडी का नाही वाजत

आमच्याकडं रब्बीत लाईन रात्रीचीच राहते, त्यामुळं डिसेंबरात पारा ८-९ वर आला तरी गव्हाचं पाणी तोडायला वावरात जावंच लागते, अन स्वेटर मफलर सगळं असलं तरी एकदा पाय ओले झाले की मंग काही खरं नाही. उणे ४० डिग्रीत राहून वरून समुद्रात पोहणारं ते ध्रुवीय अस्वल काय करत असंल, हे मी मुद्दाम वाचून काढलं.

ते पांढरं नाहीच राजेहो! केसांना रंगच नसते, वरचे लांब केस आतून पोकळ, उजेड विखुरते म्हणून पांढरे दिसतात, अन खाली कातडी चक्क काळी. या केसांखाली अजून बारीक दाट लोकर, तिच्यात हवा अडकते अन अंगातली ऊब बाहेर जात नाही. आपल्याकडं मोहफुलं खायला येते त्या अस्वलाला ही खालची लोकर जवळपास नसतेच, इथं लागतेच कशाला. ते पोकळ केस ऊन कातडीपर्यंत पोचवतात असं अजूनही कुठंकुठं सांगतात, पण १९९८ मधे डॅनियल कून या फिजिक्सवाल्यानं ते मोजून खोटं ठरवलं, अन तसंही तिकडं बऱ्याच ठिकाणी ऐन हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही तर ऊन आणणार कुठून.

पण पाण्यात उतरलं की लोकर भिजते, हवा निघून जाते. तिथं कामी येते ती चरबी, चांगल्या खात्यापित्या अस्वलाच्या कातडीखाली १० सेंटीमीटरपर्यंत जाड थर असते! मला सगळ्यात भारी हेच वाटलं. कान अन शेपूट एवढुसे, तळपायाला पण केस. पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम अर्धा-पाऊण किलोचं, बर्फात कोरलेल्या बिळात मायच्या अंगाला चिकटून राहते अन तिचं दूध पिते, त्यात जवळपास ३० टक्के फॅट.

उलट याला त्रास गरमीचा, जास्त पळालं की अंग तापते, म्हणून चालते सावकाश.

आता ही सगळी चरबी येते सील खाऊन, अन सील धरायला समुद्रावर बर्फ पाहिजे. कॅनडात हडसन बे नावाच्या उपसागराच्या पश्चिमेकडं तो बर्फ आता लवकर फुटते, अस्वलं जास्त दिवस जमिनीवर उपाशी राहतात, अन १९८७ मधे तिथं १२०० च्या आसपास होती ती २०२१ च्या मोजणीत ६१८ च्या आसपास भरली. लय वाईट वाटलं वाचून.