लेक सुपीरियर : वाऱ्याला विचारून करायचा प्रवास

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या लेक सुपीरियर या सरोवराला जायचं ठरवलं असेल, तर हॉटेलं बुक करण्याआधी अमेरिकन हवामान खात्याचा ‘मरीन फोरकास्ट’ वाचायची सवय लावून घ्या. रोजच्या अंदाजात ऊन आहे की पाऊस एवढंच कळतं. इथे त्याहून महत्त्वाचं म्हणजे वारा कुठून येतोय आणि लाटा किती फुटांच्या आहेत. आमच्या अख्ख्या प्रवासाचा क्रम या दोन गोष्टींनी ठरवला, आणि तो तसा ठरू दिला म्हणूनच सरोवर नीट बघायला मिळालं.

सरोवर म्हटलं की डोळ्यांसमोर पलीकडचा काठ येतो. इथे तो दिसतच नाही. क्षेत्रफळ सुमारे 82,100 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून थोडं जास्तच. सर्वांत खोल जागी 406 मीटर. पृथ्वीच्या पाठीवरच्या गोड्या पाण्याचा साधारण दहावा हिस्सा या एका सरोवरात आहे. पूर्व-पश्चिम लांबी साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे वाऱ्याला धावायला मोकळं मैदान मिळतं आणि लाटा खऱ्याखुऱ्या समुद्राच्या उठतात. फक्त हवेला खारा वास नसतो आणि अंग चिकट होत नाही. सुरुवातीला हे फार चमत्कारिक वाटतं.

आम्ही मिनेसोटातल्या डलूथपासून सुरुवात केली. तुम्हीही तिथूनच करा, कारण या सरोवराचा व्यापार आणि त्याचा धाक दोन्ही तिथे एकाच जागी कळतात. 1871 मध्ये खोदलेल्या कालव्यातून जहाजं बंदरात शिरतात. त्याच्यावरचा पूल 1905 चा, आणि अख्खा मधला भाग वर उचलला जाईल अशी त्याची आजची रचना 1930 पासूनची. तीनशे मीटर लांबीचं मालवाहू जहाज आत येताना भोंगा देतं, पूल तसाच भोंगा वाजवून उत्तर देतो, आणि मग ती लोखंडी भिंत तुमच्यापासून दगड मारता येईल इतक्या अंतरावरून सरकत जाते. पोलादावरचे गंजाचे ओघळ, रंगाचे पोपडे, डेकवरून हात हलवणारा खलाशी, सगळं स्पष्ट दिसतं. पोटात बहुधा टॅकोनाइट, म्हणजे लोहखनिजाच्या गोळ्या असतात. खालच्या सरोवरांकाठच्या पोलाद कारखान्यांकडे हा माल जातो. जहाजांच्या वेळा ऑनलाइन मिळतात, पण त्या पुढेमागे होतात. कालव्यालगतचं सागरी संग्रहालय विनामूल्य आहे, तिथे वेळ छान जातो.

याच कालव्याच्या तोंडाशी 28 नोव्हेंबर 1905 च्या वादळात ‘मटाफा’ नावाचं जहाज आपटून मोडलं. किनारा हाकेच्या अंतरावर होता. लोकांनी रात्रभर काठावर शेकोट्या पेटवून ठेवल्या, पण लाटांपुढे कुणालाच जहाजापर्यंत पोचता येईना. मागच्या भागात अडकलेले नऊ जण थंडीने गेले. धक्क्यावर उभं राहून ते अंतर डोळ्यांनी मोजलं, तेव्हा मला काही बोलवेना.

त्या वादळानंतर उत्तर किनाऱ्यावर दीपगृहाची मागणी झाली आणि 1910 मध्ये स्प्लिट रॉकचं दीपगृह उभं राहिलं. डलूथहून तासाभराचा रस्ता आहे. टू हार्बर्सपर्यंत हायवेने न जाता काठाकाठाने जाणारा जुना रस्ता धरा. दीपगृह बांधलं तेव्हा इथे रस्ताच नव्हता, सगळं सामान जहाजाने आणून कड्यावर यारीने चढवलं होतं. वर जाऊन भिंग जरूर बघा. पॅरिसमध्ये बनवलेलं ते भलंमोठं भिंग पाऱ्यावर तरंगतं, त्यामुळे घड्याळासारख्या वजनाच्या यंत्राने ते सहज फिरायचं आणि दर दहा सेकंदांनी झोत टाकायचं. दीपगृहाचं तिकीट आणि स्टेट पार्कसाठी गाडीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्या. कड्यासकट अख्खं दीपगृह बघायचं तर खालच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरायला हवं. तिथले गोटे खिशात घालू नका, स्टेट पार्कमध्ये त्याला मनाई आहे.

तिथून मागे फिरून दक्षिण किनाऱ्याने मिशिगनमध्ये शिरलो. विस्कॉन्सिनला लागून असलेल्या मिशिगनच्या जिल्ह्यांत घड्याळ विस्कॉन्सिनचंच चालतं, ते ओलांडलं की एक तास पुढे जातो. बोटीचं तिकीट काढलं असेल तर हा तास विसरून चालणार नाही.

म्यूनिसिंगजवळचे ‘पिक्चर्ड रॉक्स’ हा या काठाचा सर्वांत देखणा भाग. वाळूच्या दगडाच्या कड्यांतून पाणी झिरपतं आणि वाटेत खनिजं सोडत जातं. लोहाने तांबडे, मँगनीजने काळे, तांब्याने हिरवे-निळे ओघळ उमटतात. कडे वायव्येकडे तोंड करून असल्याने दुपारनंतरची बोट घ्या, तेव्हा ऊन थेट त्यांच्यावर येतं. पण वायव्येचा वारा सुटला की याच किनाऱ्यावर लाटा सर्वांत जास्त आपटतात आणि फेऱ्या रद्द होतात. आमची रद्द झाली. पुढचा दिवस मोकळा ठेवला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी जाता आलं. असा एक राखीव दिवस ठेवाच, हा माझा आग्रह आहे.

कयाकचा, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या होडीचा, मोह होईल. वाटाड्या, सी-कयाक आणि वेटसूट यांच्याशिवाय जाऊ नका. ऐन उन्हाळ्यातही हे पाणी इतकं गार असतं की अचानक पडल्यावर पहिल्याच मिनिटात श्वासावरचा ताबा सुटतो, पट्टीचे पोहणारेसुद्धा त्यात सापडतात. कड्यांच्या अगदी पायथ्याशीही जाऊ नये, दगड कोसळतात. वारा दक्षिणेचा असेल तर पाणी शांत असतं, मात्र तेव्हा चावऱ्या माश्या किनाऱ्यावर येतात. लांब बाह्यांचे कपडे ठेवा.

पूर्वेकडे व्हाइटफिश पॉइंटला जाताना वाटेत सेनीजवळ पंचवीस मैलांचा सरळसोट, निर्जन रस्ता लागतो. त्याआधी टाकी भरा, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. या टोकावर 1849 पासून दिवा आहे आणि शेजारी जहाजफुटींचं संग्रहालय. ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ची घंटा तिथे ठेवली आहे. 729 फुटांचं हे जहाज 9 नोव्हेंबर 1975 ला डलूथशेजारच्या सुपीरियर बंदरातून सुमारे 26,000 टन टॅकोनाइट घेऊन निघालं. वादळात दोन्ही रडार गेली, मागून येणाऱ्या जहाजाच्या सांगण्यावरून ते वाट काढत होतं. 10 तारखेच्या संध्याकाळी, व्हाइटफिश उपसागराच्या आसऱ्यापासून सतरा मैलांवर, मदतीची हाक न देता ते बुडालं. 29 जण होते, एकही वाचला नाही. 1995 मध्ये घंटा वर काढली आणि तिच्या जागी सगळ्यांची नावं कोरलेली दुसरी घंटा खाली ठेवली. स्प्लिट रॉकचा दिवा 1969 मध्ये कायमचा निवृत्त झाला, तरी दर 10 नोव्हेंबरला या लोकांसाठी तो पेटवतात. इथे घाई करू नका. आत बघून झालं की किनाऱ्यावर जा आणि जहाजाला गाठायचं होतं ते पाणी बघा.

पुढे सू लॉक्स आहेत, म्हणजे पाण्याची पातळी चढवून-उतरवून जहाजं पलीकडे नेणारे दरवाजेबंद कालवे. सुपीरियर आणि त्याच्या खालचं ह्युरॉन सरोवर यांच्या पातळीत 21 फुटांचा फरक आहे, तो जहाजं या पायरीने उतरतात. पहिलं लॉक 1855 चं. बघायला पैसे पडत नाहीत, पण जानेवारीच्या मध्यापासून 25 मार्चपर्यंत वाहतूक बंद असते.

पलीकडे कॅनडा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा तिथे चालत नाही, वेगळा काढावा लागतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना मात्र गरज नाही. ऑन्टारियोतल्या अगावा रॉक या कड्यावर इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांनी गेरूने काढलेली चित्रं आहेत, त्यांत शिंगं असलेला पाण्याचा अधिपती मिशिपेशूही आहे. चित्रं बघायची तर पाण्यालगतच्या निसरड्या, उतरत्या खडकावर पाय टाकावा लागतो. सरोवर शांत असेल तरच उतरा. लाटा खडकावर येत असतील तर त्या दिवशी परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा पडलेला असताना, पुन्हा या.