सोपं उदाहरण मागू नका

“तुम्ही ख्रिश्चन लोक नक्की किती देव मानता?” नाताळाच्या केकबरोबर हा प्रश्न हमखास येतो आणि पाठोपाठ सूचनाही: “येशू कसा साध्या गोष्टींतून समजवायचा, तसं एखादं उदाहरण देऊन सांगा ना.” प्रश्नाचं मला काही वाटत नाही. सूचनेचा मात्र आता वैताग आलाय.

उत्तर आधी देऊन टाकते. देव एकच. पिता देव, पुत्र देव, पवित्र आत्मा देव. पण पिता म्हणजे पुत्र नव्हे आणि पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. यालाच त्रैक्य म्हणतात. यातलं एक विधान सोडलं की बाकीची चटकन डोक्यात बसतात, आणि उदाहरणं नेमकं तेच करतात. पाणी, बर्फ, वाफ म्हणाल तर एकच देव तीन सोंगं घेतो असं होतं. तिसऱ्या शतकातल्या सबेलियसच्या नावावर हेच मत जमा आहे. मग यार्देन नदीत पुत्र बाप्तिस्मा घेतोय, आकाशातून पिता बोलतोय आणि आत्मा कबुतरासारखा उतरतोय, हे एकाच वेळी कसं? अंड्याचं कवच, पांढरं आणि बलक? बलक म्हणजे अख्खं अंडं नव्हे, आणि पुत्र हा देवाचा एक तृतीयांश हिस्सा नाही. सूर्य आणि किरण त्यातल्या त्यात बरं. ३२५ साली निकीयाच्या धर्मसभेने ठरवलेल्या मतांगीकारातही, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीतही, ‘प्रकाशापासून प्रकाश’ आहे. पण किरण सूर्याहून उणा, असं पुत्राला पित्याहून कमी मानणाऱ्या एरियसवाल्यांनी म्हणू नये म्हणून लगेच ‘खऱ्या देवापासून खरा देव’ जोडून ती वाट बंद केली.

“म्हणजे आमचे ब्रह्मा-विष्णू-महेशच की!” नाही हो. तिथे उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामं वाटलेली आहेत. इथे वाटणी नाही: योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात सगळं पुत्राच्या द्वारे निर्माण झालं आणि बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्याच वचनात आत्मा जलावर आहे.

पटत नसेल तर नका पटवून घेऊ. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर त्रैक्यावरूनच तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून कडकडीत वाद घातला. बिशप सांगतात म्हणून मान्य, हे त्यांना मंजूर नव्हतं. पुढे केडगावला त्याच बाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं.

आता ‘साध्या गोष्टी’. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात शिष्य येशूला दृष्टांतांविषयी विचारतात, तेव्हा तो म्हणतो, बाहेरच्यांनी पाहूनही पाहू नये आणि ऐकूनही समजू नये म्हणून. हे वचन संडे स्कूलमध्ये कुणी फळ्यावर लिहीत नाही. दृष्टांत वाचताना आधी हिशेब कुठे बिघडतो ते शोधावं. मत्तयच्या अठराव्या अध्यायात एका चाकराचं दहा हजार टॅलंटचं कर्ज माफ होतं. टॅलंटला सहा हजार दिनार, म्हणजे सहा कोटी दिनार. आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस राबला तर दोन लाख वर्षं! तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. ही तीन-चार महिन्यांची कमाई आहे, क्षुल्लक रक्कम नव्हे, आणि म्हणूनच ती गोष्ट टोचते.

पण मार्कचाच बारावा अध्याय काढला की माझाही मुद्दा अडतो. मालक द्राक्षमळा लावतो, कुंपण घालतो, कुंड खणतो, माळा बांधतो. हा सरंजाम जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायातला. तिथला मळा म्हणजे इस्राएल, हे समोरच्या याजकांना आणि शास्त्र्यांना चांगलं ठाऊक होतं. मळा खंडाने देऊन मालक परदेशी जातो. वसुलीला आलेल्या पहिल्या दासाला मार मिळतो, दुसऱ्याचं डोकं फोडतात, तिसऱ्याला ठार करतात. तरी तो आणखी पुष्कळ पाठवतो. कोणताही शहाणा मालक पहिल्या खेपेलाच शिपाई पाठवेल. हा शेवटी प्रिय मुलाला पाठवतो: माझ्या मुलाचा तरी मान राखतील! ते त्याला मारतात आणि प्रेत मळ्याबाहेर टाकतात. मत्तय आणि लूक क्रम उलटा देतात, आधी बाहेर काढलं, मग मारलं. वधस्तंभ शहराच्या वेशीबाहेर होता, हे त्यांच्या मनात असावं.

ऐकणाऱ्यांना अर्थ लागला? पुरता लागला. हा दृष्टांत आपल्यालाच उद्देशून आहे हे त्यांनी ओळखलं, असं मार्क लिहितो. ओळखलं म्हणूनच त्याला धरायला बघत होते. लोकांच्या भीतीने तेवढ्यापुरते निघून गेले. म्हणजे इथे ‘समजू नये म्हणून’ लागू पडत नाही. कळलं, वळलं नाही. चौथा अध्याय आणि बारावा यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

याच गोष्टीवरून त्रैक्य सिद्ध करा म्हणाल, तर दास अनेक आणि पुत्र एकच, यावर निकीयावाले बोट ठेवतील. एरियस म्हणेल, मुलगा पाठवला गेला, तेव्हा पाठवणारा मोठा. पवित्र आत्मा तर या गोष्टीत कुठेच नाही. ३२५ च्या मतांगीकारातही त्याच्यावरचा विश्वास एवढ्या एका ओळीतच उरकला होता. बाकीचं ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला आलं. आणि तो केवळ पित्यापासून निघतो की पित्यापासून आणि पुत्रापासून, यावर पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चचं आजही जुळलेलं नाही.