स्क्रीनवर दिसतंय ना!

शनिवारची दुपार. डबे खाऊन झालेले, सर साइटवर गेलेले, आणि प्लॉटरमधून, म्हणजे मोठी ड्रॉइंगं छापणाऱ्या मशीनमधून, ए-वनचं शीट हळूहळू खाली उतरत होतं. शीट पूर्ण बाहेर पडून कटर फिरेपर्यंत मी प्लॉटरपाशी उभी राहते. तशी काही गरज नसते. खाली कापडी झोळी आहे, शीट आपोआप त्यात पडतं. पण मला नाही जमत. दूध गॅसवर ठेवून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्या बायका मला कधीच कळलेल्या नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

तर शीट उतरत होतं आणि बी विंगचा टू बीएचके आला तेव्हा मला दिसलं, की स्वयंपाकघर आणि टॉयलेटमधली भिंत गायब आहे. ओटा जागेवर, सिंक जागेवर, आणि सिंकच्या समोर कमोड. मधे काही नाही. भांडी घासता घासता गप्पा मारता येतील असं एकंदर.

"अगं, ही भिंत कुठे गेली?"

आमची ज्युनिअर खुर्चीवरूनच म्हणाली, "आहे ना ताई. स्क्रीनवर दिसतेय."

हे वाक्य मी गेली तीस वर्षं ऐकते आहे. आधी मुलगे म्हणायचे, आता मुली म्हणतात, मधल्या काळात मीही म्हटलेलं आहे. ऑफिसला बोधवाक्य हवंच असेल तर दारावर हेच लिहावं.

शीट चुकलं की पहिला संशय प्लॉटरवर. तो बंद करून चालू करायचा, कागद काढून परत घालायचा, हेड साफ करायचं, आणि मग तेच चुकलेलं ड्रॉइंग जास्त स्वच्छ छापून घ्यायचं. माझा नियम असा, की आधी मशीनला हात लावायचा नाही. प्रिव्ह्यू बघायचा. प्रिव्ह्यूत भिंत नव्हती. म्हणजे प्लॉटर निर्दोष. मग लेअर, म्हणजे ड्रॉइंगमधला भिंतींचा पारदर्शक थर, ऑफ आहे का? नाही. शीटवरच्या त्या एका खिडकीपुरता, त्या व्ह्यूपोर्टपुरता, फ्रीझ आहे का? नाही. रंग भलताच पडून पेन पांढरं झालंय का? नाही. तोवर पोरगी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती आणि माझ्या खुर्चीची पाठ धरून म्हणत होती, "ताई, रिजेन करून बघा ना." रिजेन म्हणजे स्क्रीनवरचं ड्रॉइंग नव्याने उमटवणं, आमच्याकडचं 'भरपूर पाणी प्या.' अपाय काही नाही, म्हणून सगळेच सांगतात.

शेवटी भिंत सिलेक्ट करून लिस्ट मारलं, म्हणजे तिची माहिती मागवली. लेअर : डेफपॉइंट्स.

ज्यांनी कधी ऑटोकॅड, हे आमचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, चालवलंय ते इथे हसले असतील. बाकीच्यांसाठी एवढंच, की आपण ड्रॉइंगमध्ये पहिलं डायमेन्शन टाकलं की हा लेअर आपल्याला न विचारता तयार होतो. डायमेन्शन जिथून मोजलं ती टिंबं त्याच्यात राहतात. तो स्क्रीनवर दिसतो आणि कधीही छापला जात नाही. काही हुशार लोक मदतीच्या रेघा मुद्दाम त्यावर मारतात, म्हणजे पुसायला नकोत. तिनेही तेच केलं होतं, आणि मग लेअर बदलायला विसरून त्याच तंद्रीत भिंत काढली होती. तीन दिवस ती भिंत आम्हा सगळ्यांना दिसत होती. सरांनी तर तिच्यावर टाइल्सची उंची ठरवली होती.

"मग आता?"

"आता भिंतीच्या लेअरवर टाक आणि दुसरी प्रिंट काढ. संध्याकाळी साइटवर जायचीय."

ती जागेवर गेली. मी ते बिनभिंतीचं शीट हातात घेऊन उभी राहिले, आणि हाताला कागद लागला की होतं ते झालं. अण्णांची आठवण झाली, माझ्या वडिलांची.

अण्णा पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. हा शब्द फक्त त्यांच्या पगारपत्रकावर होता, एरवी सगळे ट्रेसरच म्हणायचे. साहेब लोक पेन्सिलने काढणार, अण्णा त्यावर ट्रेसिंग क्लॉथ पसरून शाईने गिरवणार. आम्ही पैठणला खात्याच्या वसाहतीत राहायचो. जायकवाडीची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी बसवली आणि १९७६ साली इंदिरा गांधी उद्घाटनाला आल्या, तेव्हा मी आईच्या कडेवर होते म्हणे. मला बाई आठवत नाहीत, धूळ आठवते. धरण झालं तरी कालव्यांची कामं पुढे चालूच होती. डावा कालवा दोनशे आठ किलोमीटर. त्याचे छेद, म्हणजे कालवा कापून दाखवलेली ड्रॉइंगं, किती, आणि ते गिरवायचे किती, विचार करा. अण्णा म्हणायचे, अर्धा कालवा मी बसल्या जागी चाललोय.

ट्रेसिंग क्लॉथ हल्ली कोणी पाहिलेलं नसतं. बारीक विणीचं सुती कापड, खळ पाजून पाजून इतकं कडक आणि पारदर्शक केलेलं, की कागदच वाटावं. किंचित निळसर. शाई धरावी म्हणून वर खडूची पूड चोळून फडक्याने झटकायची. मग रूलिंग पेनात थेंबाथेंबाने शाई भरायची, स्क्रू फिरवून रेघेची जाडी ठरवायची. चुकलं तर ब्लेडने खरवडायचं, पण जपून, नाहीतर भोक. आणि सगळ्यात मोठा शत्रू पाणी. एक थेंब पडला की तिथली खळ विरघळायची आणि पांढरा डाग उमटायचा. कायमचा.

आता हे मराठवाड्यात, मे महिन्यात. पंखा लावला तर कागद उडतात, शाई वेडीवाकडी वाळते. नाही लावला तर घाम. अण्णा कपाळाला पंचा बांधायचे आणि मनगटाखाली एक घडी घातलेलं धडपं ठेवायचे. शाळा सुटल्यावर मी डबा परत आणायला जायची तेव्हा दारातूनच ते दिसायचे. टेबलावर झोपल्यासारखे वाकलेले, श्वास धरून. रेघ संपेपर्यंत हाक मारायची नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. रेघ संपली की ते एकदम श्वास सोडायचे आणि म्हणायचे, "हं, बोला."

ट्रबलशूटिंग म्हणतात ते तिथे एवढंच होतं. घाम येऊ द्यायचा नाही.

रद्द झालेली ट्रेसिंगं निर्लेखित व्हायची, म्हणजे खात्याच्या हिशेबातून वगळली जायची, तेव्हा त्यातली काही रीतसर घरी यायची. आजी ती धुण्याच्या सोड्यात रात्रभर भिजवायची आणि सकाळी बंबातलं कढत पाणी ओतून तुडवायची. खळीचा बुळबुळीत थर सुटायचा, हौदाभर फेस, आणि खालून निघायचं मलमलीसारखं मऊ कापड. त्याचे रुमाल, गाळणी, उशांचे अभ्रे, आणि मुख्य म्हणजे झबली. पैठणीच्या गावात राहून आम्ही सरकारी कालव्याची झबली घालून वाढलो. शाई बरीचशी जायची, सगळी जायची नाही. धाकट्या भावाच्या एका झबल्यावर कालव्याचा आडवा छेद होता. फिकट, पण उन्हात धरलं की स्वच्छ दिसणारा. बरोबर पोटावरून एफ.एस.एल.ची रेघ जायची, म्हणजे कालवा पूर्ण भरला की पाणी जिथपर्यंत येतं ती. आईने त्याला पाजलं की अण्णा विचारायचे, "एफ.एस.एल.पर्यंत आलं का?"

बघा, भिंतीवरून कुठे गेले.

आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी १९९४ साली पुण्यात या धंद्यात शिरले. आधी ट्रेसिंग पेपर, पेन आणि अमोनिया प्रिंट. त्या अमोनियाने डोळ्यांतून पाणी यायचं, आणि सर्दी झालेल्यांना मुद्दाम प्रिंट काढायला पाठवायचे. मग कॉम्प्युटर आला. काळा स्क्रीन, डॉसवरचं ऑटोकॅड रिलीज १२, आणि जोडीला पेन प्लॉटर. त्याच्या चकतीत आठ पेनं. तो एक पेन उचलायचा, कागद पुढेमागे सरकवत त्या पेनाच्या सगळ्या रेघा मारून टाकायचा, मग ते ठेवून दुसरं. त्यामुळे आधी नुसतीच अक्षरं आणि मापं यायची, हवेत लटकलेली. मग दारंखिडक्या. भिंती सगळ्यात शेवटी. एका शीटला तास लागायचा आणि मधेच पेन वाळायचं. तेव्हा प्लॉटरपाशी उभं राहण्याला खरंच कारण होतं. कारण गेलं, सवय राहिली.

कुठल्या रंगाला कुठलं पेन हे मशीनला सांगायचं, म्हणून स्क्रीनवरचा रंग म्हणजे कागदावरची जाडी, हा हिशेब तिथून सुरू झाला. पेनं गेली, इंक आली, तरी आमच्या ऑफिसात आजही लाल म्हणजे ०.१८ मिलिमीटर, हिरवा ०.२५, पिवळा ०.५. छापताना सगळं काळंच येतं. ह्या जाड्याही गंमतीच्या. ०.३५, ०.५, ०.७ अशा चढत जातात, आणि ए-वनचं शीट लहान करून ए-टूवर घेतलं की ०.५ची रेघ बरोबर ०.३५ची होते. कागदाचं माप आणि रेघेचं माप एकाच पटीत बांधलेलं. ज्याने कोणी हे जुळवलं, त्याच्या घरी कपाटात साड्यांच्या घड्या सारख्या असणार. माझं डोकं आता इतकं कामातून गेलंय की लग्नात पिवळा शालू दिसला की मनात पहिला शब्द येतो, 'जाड.' हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. शालूवाल्यांना तर नाहीच.

तीस वर्षं एका जागी काढली की माणसाचा आपोआप वैद्य होतो. दुसऱ्या ऑफिसातूनही फोन येतात. "ताई, फाईल उघडायची खिडकीच येत नाहीये हो, खाली नुसतं नाव विचारतंय." मी भाजी चिरता चिरता सांगते, "फाइलडाया टाइप कर, एक दे." पलीकडे शांतता, मग एकदम "आलीऽ!" ह्याचे पैसे घ्यायला हवे होते. मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी कचरा दिसतोय? जुना फॉन्ट आहे, समोरच्याकडून मागव. फाईल जड झाली? पर्ज. फाईल उघडतच नाही? रिकव्हर. उघडते पण विचित्र वागते? ऑडिट.

ऑडिटचं एक मला फार आवडतं. कमांड दिली की ते विचारतं, सापडलेल्या चुका दुरुस्त करायच्या का? आणि नुसतं एंटर मारलं तर उत्तर धरतं 'नाही.' पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी एकटीच खूप हसले होते. आमच्या घरी ऑडिट म्हणजे अण्णांच्या कचेरीत येणारी महालेखापालांची माणसं, आठ दिवस चालणारा धसका, आणि आजीचं 'गेले का रे ते?' तिथेही असंच असायचं. चुका सगळ्या सापडायच्या.

अण्णा एकदा माझं ऑफिस बघायला आले होते. १९९६च्या दिवाळीनंतर. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, मोतीबिंदू उतरत होता. मी त्यांना खुर्ची दिली तर बसले नाहीत. पेन प्लॉटरसमोर हात मागे बांधून उभे राहिले, पूर्ण तास. पेन उचललं जायचं तेव्हा त्यांची मानही जराशी वर व्हायची. शीट झाल्यावर जवळ घेऊन, चष्मा वर करून एका कोपऱ्यातल्या रेघांचं जोड बघितलं. रेघेला रेघ जिथे मिळते तिथे तिसरं काही दिसता कामा नये, हे त्यांचं कायमचं. मग विचारलं, "चुकलं तर खरवडता कसं?"

"खरवडत नाही अण्णा. चुकलं की दुसरं काढायचं."

"अख्खं?"

"अख्खं."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने, जिना उतरताना : "मग ह्या कागदाचं काय करता?"

मी काहीतरी उत्तर दिलं असेन. पाठकोरे वापरतो, कपाटात घालतो, असं काही. ए-झिरोचं शीट बरोबर एक चौरस मीटर भरतं, कुरडयांखाली घालायला बरं. छापलेली बाजू खाली ठेवायची, नाहीतर इंक पाण्याला सुटते. पण धुऊन त्याचं झबलं होत नाही, एवढं खरं.

भावाचं ते झबलं अजून माझ्याकडे आहे. भाऊ म्हणतो टाकून दे. छेदापेक्षा मला त्यातला दुसरा तुकडा जास्त प्रिय आहे. आजीने कापड वाया जाऊ नये म्हणून शीटचा उजवा खालचा कोपरासुद्धा वापरला, पाठीकडे, बंदाच्या जवळ, उलटा. तिथे चौकटी आहेत. ड्रॉन, ट्रेस्ड, चेक्ड, अप्रूव्हड. तीन चौकटीतल्या सह्या धुऊन गेल्या आहेत. ट्रेस्डपुढची अण्णांची दोन अक्षरं तेवढी राहिली आहेत. शाई घट्ट लावायचे ते. दोनशे आठ किलोमीटरमधलं त्यांच्या हातचं आमच्याकडे एवढंच आहे, बाकी सगळं खात्याचं.

म्हणून मी हातातल्या शीटचा कोपरा बघितला. ड्रॉन बायच्या चौकटीत माझी आद्याक्षरं होती. ह्या चौकटी, म्हणजे टायटल ब्लॉक, दरवेळी जुन्या फाईलमधून उचलतात, त्यामुळे आमच्याकडे बारा वर्षांपूर्वी सोडून गेलेला माणूससुद्धा अधूनमधून ड्रॉइंग काढतो. ही बिनभिंतीची विंग माझ्या नावावर निघालेली.

"अगं, भिंत करतेसच तर तिथे तुझं नाव घाल. काढलंयस तू."

"राहू दे ना ताई."

"घाल म्हटलं ना."

दहा मिनिटांत तिने मला तिच्या जागेवर बोलावलं. भिंत भिंतीच्या लेअरवर, चौकटीत तिची अक्षरं. मी बरं म्हटलं. ती माझ्या मशीनवर आली, फाईल उघडली, प्लॉट दिला. मी नेहमीसारखी जाऊन उभी राहिले. भिंत आली, ०.५ची, ठसठशीत. सिंक आणि कमोड एकमेकांपासून सुटले. मग कोपरा उतरला. चौकटीत माझीच अक्षरं.

मी तिच्याकडे बघितलं.

"ताई, शप्पथ," ती म्हणाली, "स्क्रीनवर माझीच आहेत."