आमची वाटचाल : खाचा सुंदर, पण टोक हलतं

सुरुवातीची काही वर्षं आम्ही रायफलच्या हँडगार्डचं (गोळी जाते त्या बॅरलभोवतीचं, हाताने धरायचं आवरण) निव्वळ जॉबवर्क केलं. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या यायच्या. खाचा पाडायच्या, बर (कडेला राहिलेले धातूचे काटे) काढायचे, अ‍ॅनोडायझिंगला (वरून टणक थर चढवायला) पाठवून मोकळं व्हायचं. तो हँडगार्ड पुढे रायफलवर कसा बसतो, हे बघायची वेळच आली नव्हती. स्वतःच्या नावाने पहिली खेप काढली आणि ती आली.

मापं चोख होती. पिकॅटिनी रेलची (साइट, दुपायी वगैरे अडकवायची खाचांची पट्टी) खाच 5.23 मिमी, एका खाचेपासून दुसरी 10.01 मिमीवर, 1995 च्या अमेरिकी लष्करी मानकाबरहुकूम. पण एक ग्राहक एआर-15 घेऊन परत आला. रिकामी रायफल टेबलावर ठेवून त्याने रेलचं पुढचं टोक अंगठ्याने दाबलं. टोक डोळ्यांदेखत हललं. पुढची साइट (नेम धरायची खूण) त्याच टोकावर, म्हणजे पट्टा ताणला की नेम सरकलाच. ‘तुमच्या खाचा सुंदर आहेत हो,’ एवढंच म्हणाला. बरोबर लागलं.

चूक माझीच. वजन वाचवायच्या नादात बॅरल नटावरची (बॅरल रायफलला आवळून धरणारा नट) पकड आखूड ठेवली होती. फ्री-फ्लोट हँडगार्ड बॅरलला कुठेही टेकत नाही. म्हणूनच दुपायी किंवा पट्ट्याचा ताण बॅरलवर येत नाही आणि गोळी भरकटत नाही. पण मग सगळा भार मुळाशी, त्या नटावर. आम्ही पकड लांबवली आणि हँडगार्ड फिरू नये म्हणून रिसीव्हरला (रायफलचा मुख्य सांगाडा) दोन्ही बाजूंनी धरणारे कान ठेवले. वजन थोडं वाढलं, वाढू दे.

की-मॉड, म्हणजे हँडगार्डवर जोडण्या अडकवायची किल्लीच्या भोकासारखी खाच, 2012 मध्ये आलं, तेव्हा आम्ही उत्साहाने फिक्स्चर (काम पकडून ठेवायचे साचे) केली. त्या किल्लीच्या भोकाला आतल्या बाजूने उतरता कट लागतो, तो मारताना कटर किती मोडले ते विचारू नका. 2014 मध्ये त्याच कामासाठी एम-लॉक आलं: सरळ लांबट खाच. 2017 मध्ये अमेरिकी स्पेशल ऑपरेशन्स कमांडसाठी झालेल्या चाचण्यांत एम-लॉक सरस ठरलं आणि आमची फिक्स्चर माळ्यावर गेली. अजून तिथेच आहेत.

आता ऑर्डर घेताना लोकांना आधी रंग आणि लांबी सांगायची असते. आम्ही म्हणतो, गॅस ब्लॉक (बॅरलमधला गॅस गॅस ट्यूबमधून मागे पाठवणारा, बॅरलवरचा भाग) दाखवा. उंच साइटवाला ब्लॉक कायम असेल तर लांब रेल त्यावरून जाणारच नाही. ब्लॉक बदला नाहीतर रेल आखूड घ्या. जुन्या दोन फाकांच्या हँडगार्डच्या जागी नवा बसवायचा तर बहुतेकदा नटही बदलावा लागतो. तो आम्ही सोबतच देतो, शिमसकट (पातळ चकत्या). नटातून जाणाऱ्या गॅस ट्यूबची वाट जुळेना म्हणून नट कानशीने घासणारे भेटले आहेत, म्हणून शिम. मूळ नटाला साधारण 40 ते 108 न्यूटन मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) चालतो. आमच्या नटाचा आकडा वेगळा आहे, तो पेटीवरच छापला आहे.

आणि पॅकिंगआधी प्रत्येक हँडगार्ड ठोकळ्यावर बसवून टोकाला वजन टांगतो, डायल गेज लावून वाक वाचतो. ते काम मी अजून कुणाला दिलेलं नाही.