ढवळ्या डब्ल्यूने की व्हीने?

जुलै अर्धा सरला होता आणि पावसाने दडी मारलेली. कपाशीची रोपं माना टाकू लागली होती. विहिरीत पाणी किती उरलंय ते बघायला मी काठावरून वाकलो आणि शर्टाच्या वरच्या खिशातला मोबाईल निसटला. आधी दगडावर आपटल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, मग 'डुबुक'. विहीर किती आटली आहे, ते अगदी नेमकं कळलं.

शेजारच्या वावरातून हाक आली, "काय व्हयनं रे भाऊ?"

"मोबाईल गया."

"जाऊ दे. नवा ली ले."

नवा मोबाईल काय, अमळनेरच्या बाजारात तासाभरात मिळाला. ज्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि पुढे तिचीच विप्रो झाली, त्या गावाला कॉम्प्युटरचं कसलं अप्रूप! अप्रूप आहे ते मला. मोबाईलबरोबर विहिरीत आणखी काय काय गेलंय, हे मला हळूहळू रात्रीपर्यंत कळत गेलं.

पहिली रुसली ती मोटार. आमच्या पंपाला मोबाईलवर चालणारा स्टार्टर आहे. रात्री दोनला लाईट आली की अंथरुणातूनच फोन लावायचा, की तिकडे शेतात मोटार सुरू. अंधारात साप-विंचू तुडवत जायचं काम नाही. पण तो स्टार्टर नोंदवलेल्या नंबरचंच ऐकतो. बायकोच्या फोनवरून लावून पाहिला, ढिम्म. विहीर माझी, मोटार माझी, बिलही मीच भरतो, आणि तिच्या लेखी मी कोणीच नाही!

मोटारीचं निभावलं असतं. खरी अडचण मेलची होती. लेकीच्या कॉलेज प्रवेशाचा सगळा कारभार माझ्या मेलवर आणि फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. मेल उघडायला पासवर्ड हवा. तो मी गेल्या चार वर्षांत एकदाही टाकला नव्हता. मोबाईलला पाठ होता ना, मग मला कशाला हवा?

पुतणी इंजिनिअरिंगला आहे, जळगावला. सुट्टीत गावी आली होती. बायकोच्या फोनवरून तिला विचारलं, "त्या कंपनीला फोन करून माझा पासवर्ड विचारता येईल का गं?" ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "काका, त्यांनाही माहीत नसतो!" मग तिने जे सांगितलं ते मला आपल्या पद्धतीने असं समजलं. आपण कळणा दळायला देतो. ज्वारी, उडीद आणि मीठ एकत्र करून गिरणीत टाकतो. पीठ हातात आलं की त्या पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. शहाण्या कंपन्या तुमचा पासवर्ड असाच दळून त्याचं पीठ तेवढं ठेवतात. पुढच्या वेळी तुम्ही पासवर्ड टाकला की तो पुन्हा दळायचा आणि नवं पीठ जुन्या पिठाशी ताडून पाहायचं. जुळलं तर दार उघडलं. आणि गंमत म्हणजे प्रत्येकाच्या दळणात वेगळी चिमूट टाकतात, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं निघतं. त्या चिमटीला इंग्रजीतही मीठच म्हणतात. उद्या चोराने कोठार फोडलं तरी त्याच्या हाती पीठच लागावं, यासाठी ही सगळी यातायात. म्हणून 'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबलं की जुना कोणी सांगत नाही, नवाच करायला लावतात. एखाद्या साईटने जुना पासवर्ड जसाच्या तसा मेलवर धाडला, तर तिथून काढता पाय घ्यावा. त्यांनी दळलेलंच नाही.

हा व्यापही काही आजचा नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात एकच मोठा कॉम्प्युटर बरेच जण वाटून वापरत. ज्याची त्याची कागदपत्रं वेगळी राहावीत म्हणून फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने पासवर्ड आणला. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला वाट्याला आलेला वेळ पुरेना, म्हणून त्याने सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. तेव्हा दळणाची पद्धत नव्हती, यादीत अख्खी ज्वारीच होती. म्हणजे बाळाचं बारसं होतंय न होतंय तोच त्याच्या गळ्यातली साखळी गेली.

आमच्या ऑफिसात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा लागे. मी शेवटचा आकडा एकेकाने वाढवत नेई. चोवीसपर्यंत आलो होतो. बाकीचेही तेच करत. पुढे अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१७ साली सांगितलं, की कारण नसताना लोकांना पासवर्ड बदलायला लावू नका. त्यापेक्षा लांब पासवर्ड ठेवू द्या. सहा वर्षं चोवीस पासवर्ड वाहिल्यानंतर हे वाचून मला काय वाटलं असेल!

तर माझा पासवर्ड. डोक्याला आठवत नव्हता, बोटांना आठवला. ऑफिसच्या कॉम्प्युटरसमोर बसलो, खिडकीबाहेर बघत टाईप केलं आणि दार उघडलं. पण ते बाहेरचं दार निघालं. आत दुसरं. 'तुमच्या मोबाईलवर कोड पाठवला आहे.' मोबाईल कुठे आहे ते मला माहीत होतं. चाळीस फूट खाली.

त्याच नंबरचं सिमकार्ड आधार दाखवून संध्याकाळी मिळालं. दुकानातल्या पोराने निरोप दिला, "मेसेज उद्या या टायमाला सुरू होतील." चोर तुमच्या नावाने सिम काढतात आणि पहिल्या तासाभरात ओटीपी घेऊन खातं साफ करतात, म्हणून नव्या सिमवर चोवीस तास मेसेज बंद ठेवायचा नियम आहे. नियम चांगलाच आहे. एरवी मीच त्याची तारीफ केली असती.

तिसरी वाट होती जुन्या मेलची. पंधरा वर्षांपूर्वी उघडलेला, आता कोणी ढुंकूनही न बघणारा. त्याचा पासवर्ड विसरलो तर कोड कुठे जाणार? नव्या मेलवर. या कपाटाची किल्ली त्या कपाटात आणि त्याची यात. पण जुनं दुकान जुन्या पद्धतीचं, त्याच्याकडे प्रश्न होते. पहिला : आईचं माहेरचं आडनाव काय?

हा प्रश्न ज्याने काढला तो खानदेशात कधी फिरकला नसावा. माझ्या मायचं माहेरचं आडनाव पाटील, सासरचं पाटील, डावीकडच्या शेजारणीचं पाटील, उजवीकडचीचंही पाटील. ज्या चोराला हे ओळखता येणार नाही त्याने हा धंदा सोडून सरळ कापूस वेचावा. मुळात ही सगळी गुपितं गुपितं नसणाऱ्या गावातला मी माणूस. एस.टी.तून उतरलं की पारावरची म्हातारी विचारते, "कोना आंडोर शे तू?" म्हणजे, कोणाचा मुलगा तू? आजोबांचं नाव सांगितलं की पुढचं तीच सांगते. शाळा कुठली, मास्तर कोण, चौथीत गणितात कसा आपटलास, सगळं. तिच्या हाती माझा मेल दिला असता तर तिने दोन मिनिटांत उघडला असता.

दुसरा प्रश्न : तुमच्या लाडक्या प्राण्याचं नाव? ढवळ्या! यात शंकाच नाही. पोळ्याला त्याची शिंगं मी रंगवलीत. पण उत्तर इंग्रजी अक्षरांत दिलेलं. ढवळ्या डब्ल्यूने लिहिला होता की व्हीने? 'व'नंतर ए होता का नव्हता? 'ळ'चा एक एल की दोन? शेवटी वाय-ए की आय-ए? एका ढवळ्याचे मी कागदावर अकरा ढवळ्या केले. पाचव्या ढवळ्यानंतर त्या यंत्राने सांगितलं, 'हे तुम्हीच आहात याची आम्हाला खात्री पटत नाही. काही वेळाने पुन्हा या.' बैल असता तर लांबूनच हंबरला असता.

रात्री जेवताना आठवलं. दोन वर्षांपूर्वी पुतणीने माझ्याकडून दहा कोडांचा कागद छापून घेतला होता. आठ-आठ आकड्यांचे कोड, एक कोड एकदाच चालतो, मोबाईल नसला तरी दार उघडतो. मी तो गावी मायकडे ठेवायला दिला होता. माय वाचत नाही. तिच्याकडे कागद म्हणजे बँकेच्या लॉकरमध्ये.

सकाळी पुतणीला धाडलं. मायने सांगितलं, "असा कागद मनाजोडे नही." पोरीने डबे धुंडाळले, उतरंडीमागे पाहिलं, नाही. मी बायकोच्या फोनवरून मायला लावला. "माय, मी बोलतोय. तो कागद..." तिने फोन कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला.

शेवटी अकराची एस.टी. धरली. माय ओट्यावर बसून तूर निवडत होती. तिच्या बोटांच्या रेषा कपाशीच्या बोंडांनी कधीच पुसून टाकल्यात. रेशनच्या दुकानातलं यंत्र तिचा अंगठा तीन-तीनदा पुसायला लावतं आणि तरी ओळखत नाही. तिने मान वर करून मला पाहिलं. उठली, कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली. सातबारा, नानांच्या अंगठ्याचे जुने कागद, माझा शाळेचा दाखला आणि त्याखाली तो कागद. पाठीमागे कोळशाने दुधाच्या खुणा : एका रेघेला एक लिटर.

"मंग पोरले काब्र नही दिन्हा?" मी विचारलं. "आणि फोन का कापत होतीस?"

"तुनीच सांगेल व्हतं, कोनले दखाडू नको. नवा नंबरवरथीन 'मी तुना आंडोर' म्हने तर फोन ठी देवो."

पहिला कोड चालला. फॉर्म साडेचारला गेला. कागद मी खिशात घालू लागलो तर तिने हात पुढे केला. दुधाचा हिशेब व्हायचा होता.