आधी मॉनिटर सांगा, मग कार्ड

"वरच्या श्रेणीतलं ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय, कुठलं घेऊ? आणि ओव्हरक्लॉक केलं तर किती फरक पडेल?" हे दोन प्रश्न मला बहुतेक वेळा एका दमात विचारले जातात. त्यांच्यामागे एक हिशेब असतो: एक पायरी खालचं कार्ड घ्यायचं, ते ओव्हरक्लॉक करायचं, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचं, आणि वरच्या पायरीचा वेग पदरात पाडून घ्यायचा. ओव्हरक्लॉकिंग मला अतिशय आवडतं, तरीही सांगतो, या हिशेबावर कार्ड निवडू नका.

पूर्वी तो जुळायचा. २०१० मध्ये आलेलं जीटीएक्स ४६० हे कार्ड मूळ ६७५ मेगाहर्ट्झचं, पण लोक ते सहज ८०० च्या वर चालवत. त्याच वर्षीच्या रेडिऑन एचडी ६९५० मध्ये तर बायोस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलली की कंपनीने बंद ठेवलेले शेडर, म्हणजे गणना करणारे छोटे भाग, जागे व्हायचे आणि ते जवळपास वरच्या पायरीचं ६९७० होऊन जायचं. २०१५ चं जीटीएक्स ९८० टीआय जाहीर बूस्ट (कंपनीने सांगितलेला वरचा वेग) १०७५ मेगाहर्ट्झवरून १४०० पर्यंत जायचं. चिपमध्ये मोकळी जागा होती आणि ती आपल्यासाठी शिल्लक ठेवली जायची.

२०१२ मध्ये जीटीएक्स ६८० बरोबर एनव्हिडियाने जीपीयू बूस्ट आणलं आणि चित्र हळूहळू पालटलं. तापमान, वीज आणि व्होल्टेज पाहून कार्ड स्वतःच क्लॉक (चिपचा वेग) वर नेऊ लागलं. आज ती यंत्रणा इतकी मुरली आहे की आरटीएक्स ४०९० चा जाहीर बूस्ट २५२० मेगाहर्ट्झ असला तरी गेममध्ये ते आपणहून २७०० च्या आसपास धावतं. तुम्ही मेहनत करून ३००० च्या जवळ नेलंत तरी क्लॉक वाढतो त्या प्रमाणात दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं) वाढत नाहीत. फरक एक आकडी टक्क्यांत राहतो. आरटीएक्स ५०८० सारखी काही कार्डं जास्त साथ देतात, पण तुमच्या हातात येणारी चिप किती चांगली निघेल हे विकत घेताना कुणालाच कळत नाही. जे मिळेलच असं नाही त्यावर खरेदीचा निर्णय टाकू नये.

म्हणून मी आधी मॉनिटर विचारतो. १०८०पी म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे सुमारे ३७ लाख, आणि ४के म्हणजे जवळजवळ ८३ लाख, १०८०पीच्या बरोबर चौपट. सेकंदाला १२० फ्रेम हव्या असतील तर त्यातली प्रत्येक फ्रेम ८.३ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी. ४के वर बहुतेक सगळा भार ग्राफिक्स कार्डावर येतो, तिथे महागड्या कार्डाचं चीज होतं. १०८०पी वर तेच कार्ड प्रोसेसरची वाट पाहत बसतं, आणि मग ते ओव्हरक्लॉक करून काहीच हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट कार्डावरच्या मेमरीची. २०२० चं आरटीएक्स ३०८० हे दमदार कार्ड, पण १० जीबीमध्ये अडकलं. पुढच्या काही वर्षांतल्या गेमनी ४के टेक्श्चर (पृष्ठभागांची चित्रं) आणि रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून दृश्य काढणं) मिळून ती जागा भरून टाकली की फ्रेम अडखळू लागतात. ओव्हरक्लॉक करून मेमरीचा वेग वाढतो, जागा वाढत नाही. आज ४के साठी कार्ड घेणाऱ्याने १६ जीबीच्या खाली उतरू नये असं माझं ठाम मत आहे. आरटीएक्स ५०८० आणि आरएक्स ९०७० एक्सटी मध्ये तेवढी आहे, आरएक्स ७९०० एक्सटीएक्स मध्ये २४ आणि आरटीएक्स ५०९० मध्ये ३२.

एकाच चिपची वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं समोर असतील तर 'ओसी' (कंपनीनेच ओव्हरक्लॉक केलेलं) या शिक्क्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. तो फरक बहुधा काही मेगाहर्ट्झचा असतो, तुम्ही स्वतः दोन मिनिटांत करू शकाल एवढा. पैसे द्यायचेच तर चांगल्या कूलरसाठी द्या, आणि ओव्हरक्लॉक करायचंच असेल तर कार्डाची बायोस पॉवर लिमिट (कार्ड किती वीज ओढू शकतं ती मर्यादा) किती वर नेऊ देते हे बघून घ्या. कॅबिनेटमध्ये लांबी-जाडी मावते का, तेही मोजा.

विजेबद्दल मात्र मी थोडा आग्रही आहे. ५०९० चा भार ५७५ वॉट आहे आणि त्याच्या नव्या छोट्या कनेक्टरची मर्यादा ६०० वॉट. १२ व्होल्टवर ६०० वॉट म्हणजे ५० अँपिअर, आणि तो प्रवाह सहा बारीक पिनांतून जातो. प्लग अर्धवट बसला किंवा एखादी पिन नीट टेकली नाही, तर उरलेल्या पिनांवर भार चढतो आणि प्लास्टिक वितळण्यापर्यंत वेळ येते. ४०९० च्या वेळी अशा घटना पुढे आल्यानंतर सेन्स पिना (प्लग पूर्ण बसला का हे ओळखणाऱ्या) आखूड केलेला सुधारित कनेक्टर आला, पण मर्यादेच्या इतक्या जवळ चालणाऱ्या कार्डाची पॉवर लिमिट मी तरी वाढवणार नाही. प्लग क्लिक होईपर्यंत बसवा, केबल प्लगला लागून वाकवू नका.

मग हात लावायचाच नाही का? जरूर लावायचा, पण मी सुरुवात उलट्या बाजूने करतो, अंडरव्होल्टिंगने, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज देऊन. चिप खाते ती वीज ढोबळमानाने क्लॉकच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. तोच क्लॉक १.०५ ऐवजी ०.९५ व्होल्टवर टिकला, तर स्विचिंगला लागणारी वीज सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते. कंपनीला सगळ्यात कमजोर चिपही चालावी म्हणून व्होल्टेज थोडं जास्त द्यावं लागतं. तुमच्या चिपला ते लागेलच असं नाही. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये व्होल्टेज-फ्रिक्वेन्सीचा आलेख उघडा, हव्या त्या व्होल्टेजचा बिंदू वर उचला आणि त्यापुढची रेघ सपाट करा. कार्ड थंड राहतं, फॅनचा आवाज उतरतो, आणि पॉवर लिमिटला आपटणारं कार्ड असेल तर क्लॉक उलट वाढतोसुद्धा. मला यातलं समाधान कुठल्याही बेंचमार्कच्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं, कारण ते रोज खेळताना मिळतं.

मेमरी त्यानंतर. इथे एक फसवी गोष्ट आहे. जीडीडीआर६एक्स सारख्या मेमरीत चूक ओळखून डेटा पुन्हा पाठवण्याची सोय असते. त्यामुळे वेग जास्त ताणला तरी कार्ड क्रॅश होत नाही, नुसतं मंदावतं. क्रॅश झालं नाही म्हणून जमलं असं समजू नका. थोडं थोडं वाढवत एकच दृश्य मोजत राहा. फ्रेम वाढायच्या थांबल्या की मागे या.

चाचणीसाठी फक्त फरमार्क (कार्डावर जड भार टाकणारा प्रोग्राम) चालवणारे बरेच भेटतात. त्याचा भार इतका जड असतो की कार्ड पॉवर लिमिटला अडून क्लॉक खाली आणतं, आणि तुम्ही उचललेले वरचे बिंदू तपासलेच जात नाहीत. खरी परीक्षा रे ट्रेसिंगच्या गेममध्ये होते, आणि गेमच्या मेनूतही, कारण तिथे भार हलका असतो आणि क्लॉक टोकाला जातो. कार्ड थंड असताना क्लॉक आणखी वर चढतो, म्हणून संगणक नुकताच सुरू केल्यावर एकदा खेळून बघा आणि तास-दोन तास तापल्यावर पुन्हा. वेगवेगळे गेम खेळत काही दिवस काढा, आणि तोवर आफ्टरबर्नरमधला 'विंडोज सुरू होताच लागू करा' हा पर्याय बंदच ठेवा. सेटिंग कच्चं असेल तर नुसतं रीस्टार्ट केलं की कार्ड मूळ स्थितीत परत मिळतं.